बाळाच्या हृदयाची खूण

मुलांनो, तुमचा एक हात खाली सोडून ठेवा. थोड्या वेळाने हाताच्या पाठीवरच्या शिरा फुगतील. आता तोच हात हळूहळू वर उचला. हात हृदयापेक्षा उंच गेला की शिरा सपाट होतात, कारण त्यांतील रक्त हृदयाकडे वाहून जाते.

हृदय दुर्बळ झाले तर ते आलेले सर्व रक्त पुढे ढकलू शकत नाही. मग तुंबलेल्या नालीतील पाण्याप्रमाणे रक्त मागे साचते आणि शिरांमधील दाब वाढतो. मोठ्या माणसाच्या मानेवरची फुगलेली शीर पाहून डॉक्टर हा दाब ओळखतात. तान्ह्या बाळाची मान मात्र आखूड आणि गुबगुबीत असते. तेथे शीर दिसणे कठीण. म्हणून डॉक्टर बाळाच्या उजव्या बरगड्यांखाली हळूच बोटे ठेवून यकृत वाढले आहे का, ते पाहतात. मागे साचलेल्या रक्तामुळे यकृत मोठे होते. बाळ फार आजारी असेल तर मोठ्या रुग्णालयात शिरेत बारीक नळी घालून दाब मोजतात.

दूध पिताना बाळ थकते, घामाघूम होते, भरभर श्वास घेते, त्याचे वजन वाढत नाही, अशा वेळी 'नजर लागली' म्हणून घरी बसू नये. २०१३ साली महाराष्ट्रातील पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. नांदुऱ्यासारख्या तालुक्यांतही त्याचे डॉक्टर अंगणवाडीत येऊन मुलांना तपासतात. जन्मजात हृदयरोगही ते शोधतात. तुमच्या घरी किंवा शेजारी असे बाळ दिसले, तर त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यायला सांगा.