मंत्राने विष उतरते का?

पावसाळा आला की बिळांत पाणी शिरते. जनावर बाहेर पडते. कधी बांधावर, कधी गवताच्या भाऱ्यात, कधी चुलीमागच्या लाकडांत, तर कधी थेट अंथरुणात. मग एखाद्या रात्री गलका होतो, "धावा, पोराला पान लागलं!" साप चावला असे कोणी म्हणत नाही. त्याचे नाव घ्यायलाही माणूस भितो.

पुढे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. पोराला उचलून मारुतीच्या देवळात नेतात. मांत्रिकाला उठवतात. कुठे त्याला भगत म्हणतात. तो कडुलिंबाचा पाला चघळायला देतो. कडू लागला तर विष नाही, कडू लागला नाही तर विष आहे. मग मंत्र, पाणी, दोरा. कुठे कोंबड्याही लावतात. सारा गाव देवळात जागा असतो. आणि पुष्कळदा सकाळी पोरगा उठून चहा मागतो! मग मंत्र खोटा कसा म्हणावा?

आमच्यातल्याच एकाला लहानपणी मामाच्या गावी साप चावला होता. मंत्र झाला आणि गडी बरा झाला. पुढे तो शिकला, मास्तर झाला. तरी वीस वर्षे तो सांगायचा, "मंत्रात दम आहे. मी जिवंत पुरावा आहे ना!" एक दिवस सापांच्या चित्रांचे पुस्तक त्याच्या हाती आले. पाने उलटता उलटता एका चित्रावर त्याने बोट ठेवले आणि गप्प बसला. त्याला चावलेला साप कवड्या होता. कवड्याला विषच नसते.

खरी गोम इथे आहे. आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या बहुतेकांपासून माणसाच्या जिवाला धोका नाही. धामण, दिवड, तस्कर, मांडूळ, अजगर हे सगळे बिनविषारी. गावात घात करणारे मुख्य चारच : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यातही विषारी साप चावला म्हणजे दर वेळी तो विष सोडतोच असे नाही. कधी नुसते दातच लागतात.

आता हिशेब मांडू. समजा, दहा जणांना साप चावला. सात जणांना चावलेला साप बिनविषारी. एकाला नाग चावला, पण विष आत शिरले नाही. उरले दोघे. त्यांच्या अंगात विष गेले. दहाही जणांवर मंत्र घातला. आठ जगले, दोन गेले. त्या आठांपुढे आपण बाराखडी म्हटली असती तरी ते जगलेच असते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली, एवढेच.

पण ते आठ जण घरी येतात. बाजारात, लग्नात, पारावर आपली कहाणी सांगतात. ऐकणारा मान डोलावतो. गेलेले दोघे मात्र सांगायला येत नाहीत. त्यांच्याबद्दल इतर बोलतात, "आणायला उशीर झाला," "वाटेत विटाळ झाला," "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." म्हणजे जगला तर मंत्राने, मेला तर नशिबाने. बाजारात एखादा व्यापारी म्हणाला, "नफा झाला तर माझा आणि तोटा झाला तर तुमचा," तर त्याच्याशी तुम्ही सौदा कराल काय?

इतके उघड असून माणसे का मानतात? अडाणी म्हणून? आम्हाला तसे वाटत नाही. तो मास्तर काही अडाणी नव्हता. ज्या रात्री पोर ओरडते, त्या रात्री माणसाला धीर हवा असतो. खरे-खोटे पारखायला उसंत कुणाला असते? दवाखाना लांब. गाडी मिळेल का? डॉक्टर असतील का? औषध असेल का? सगळीच शंका. कधी कधी दवाखान्यात आपल्यावर खेकसतात, तीही भीती. भगत मात्र दोन घरांपलीकडे. डॉक्टर म्हणतात, "चोवीस तास पाहावे लागेल." भगत म्हणतो, "उतरवतो." कोणता शब्द गोड लागेल? बुडत्याला काडीचा आधार. काडीने कोणी तरत नाही, पण हात तर रिकामा राहत नाही.

आणखी एक कारण आहे. ते आम्हाला रात्रीच्या वर्गात कळले. वरचा हिशेब आम्ही फळ्यावर मांडला होता. लोक हसत होते. गावचे भगतही वर्गाला येत. तेही ऐकत होते. तेवढ्यात मागून एक मावशी उठल्या.

"गुरुजी, माझा थोरला असाच गेला. भुईवर निजला होता. झोपेत काय चावलं कळलंच नाही. पहाटे पोटात दुखाया लागलं. मग डोळे उघडंनात. आम्ही देवळात नेला. तुमचा हिशेब खरा धरला, तर माझ्या पोराला मीच मारलं म्हणायचं का?"

वर्गात कोणी बोलेना. आमच्या हातातला खडू तसाच राहिला. 'त्याचं आयुष्यच तेवढं होतं' या एका वाक्याच्या आधारावर ती बाई इतकी वर्षे उभी होती. ते वाक्य आम्ही हसत हसत पुसायला निघालो होतो. त्याच्या बदल्यात तिला काय देणार होतो? अखेर आम्ही म्हणालो, "मावशी, तेव्हा गावाला रस्ता नव्हता. तुम्हाला जे ठाऊक होतं ते तुम्ही जिवापाड केलंत. तुमचं पोर मण्यारीनं मारलं." मावशी खाली बसल्या.

मण्यारीची रीत अशीच असते. ती रात्री फिरते. भुईवर निजलेल्याला चावते. फारसे दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. काही वेळाने पापण्या जड होतात, बोलता-गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. नागाच्या विषानेही असाच श्वास बंद पडतो. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासे होते. हिरड्यांतून, लघवीतून रक्त जाते. घोणशीचे विष मूत्रपिंडांवरही घाला घालते. मंत्राचा शब्द कानापर्यंत जातो. रक्तात भिनलेल्या विषापर्यंत तो कसा पोचणार?

तिथे पोचते ती सर्पविषावरची लस. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात. घोडा मरत नाही. त्याच्या रक्तात विषाला मारणारे द्रव्य तयार होते. ते काढून, शुद्ध करून ही लस करतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेने हे काम केले आहे. या चारही सापांवर एकच लस चालते. म्हणून साप शोधत, मारत वेळ दवडू नये. लस टोचल्यावर कधी त्रासही होतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखत, दवाखान्यातच घ्यायची.

२०२० साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसे साप चावून गेली, असा त्यातला अंदाज आहे. म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यांतले बहुतेक खेड्यातले. आपल्या राज्यात २०१३ साली कायदाही झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा आता गुन्हा आहे.

साप चावला तर माणसाला आडवे करावे, धीर द्यावा. चावलेल्या हाताला किंवा पायाला फळकूट लावून सैलसर बांधावे, म्हणजे तो हलणार नाही. अंगठी, कडे, जोडवी लगेच काढावी, मागून सूज चढते. दोरी आवळू नये. जखम चिरू नये, चोखू नये. चालवत नेऊ नये. १०८ या क्रमांकावर फोन करावा, नाहीतर मिळेल त्या गाडीने न्यावे. निजताना मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्या. मण्यार आत येत नाही.

त्या रात्री वर्ग सुटायच्या वेळी भगत उठले. म्हणाले, "गुरुजी, मंत्र मला माझ्या बापानं दिलाय. तो काही मी टाकणार नाही. आणि लोक रात्री दारात येऊन रडतात. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या गावच्या भगताकडं जातील. मग मी करू काय?"

आम्ही विचार करत होतो. इतका वेळ गप्प बसलेल्या मावशी मागून म्हणाल्या,

"गाडीत बसा, भगतबाबा. दवाखाना येईस्तवर म्हणा तुमचा मंत्र."