राष्ट्रपतिपदाचे गणित : छत्रपती संभाजीनगरच्या वाट्याला किती?

● आमदाराचे मूल्य : १९७१च्या जनगणनेतील महाराष्ट्राची लोकसंख्या (सुमारे ५ कोटी ४ लाख) भागिले २८८ आमदार, पुन्हा भागिले १,०००. उत्तर १७५. लोकसंख्या कितीही वाढली, तरी २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे येईपर्यंत आधार १९७१चाच.

● जिल्ह्याचे वजन : सिल्लोडपासून वैजापूरपर्यंत ९ आमदार, म्हणजे १,५७५. २०२२मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते. औरंगाबादच्या खासदाराचे मत धरून बेरीज २,२७५.

● व्हिप नाही : मतदान गुप्त असते आणि पक्षादेश मोडला म्हणून आमदारकी जात नाही. त्यामुळे रणनीतीकाराची खरी मेहनत सभांवर नव्हे, तर एकेका मतदाराच्या मनधरणीवर खर्च होते.

● २००७चा धडा : शिवसेना एनडीएत होती, तरी बाळासाहेब ठाकरे यांनी मराठी उमेदवार म्हणून काँग्रेसच्या प्रतिभा पाटील यांना पाठिंबा दिला. तेव्हा औरंगाबादचे खासदार शिवसेनेचेच चंद्रकांत खैरे होते. पाटील यांना ६,३८,११६, तर एनडीएचा पाठिंबा असलेल्या भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ मतमूल्य मिळाले.

● निष्कर्ष : शिवसेना नसती, तरी पाटील जिंकल्याच असत्या. पण उमेदवाराच्या निवडीनेच विरोधी आघाडीत फूट पडली आणि लढतीचा रंग आधीच ठरला. या निवडणुकीत प्रचाराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, नावाची निवड निर्णायक ठरते.