सुयांवरचे आणि क्रोशाचे: विणण्याबद्दलचे काही गैरसमज

लोकरीचे काहीही दिसले की आपल्याकडे 'छान विणलंय' एवढे म्हणून मोकळे होतात. बाळाची कुंची, नातवाचा स्वेटर, देव्हाऱ्यातला रुमाल, दाराचे तोरण, सगळे एकाच खात्यात जमा. डोके जरा शांत राहावे, संध्याकाळी हाताला काही काम असावे म्हणून शिकायला निघालेल्या माणसाला मग पहिलाच सल्ला मिळतो, "कुठलंही घे, दोन्ही सारखंच." या सल्ल्यामुळे पुष्कळांची सुरुवात बिघडते. स्वभावाला न जुळणारा प्रकार वाट्याला येतो, चार दिवसांत लोकर पिशवीत जाते आणि 'आपल्याला हे जमत नाही' असा कायमचा ग्रह होऊन बसतो.

"दोन्ही एकच, एकात दोन सुया, दुसऱ्यात एक"

खरा फरक सुयांच्या संख्येत नाही. तो आहे टाके कोण धरून ठेवते यात. सुयांवरच्या विणकामात अख्ख्या ओळीचे टाके एकाच वेळी उघडे असतात. शंभर टाक्यांची पाठ विणायला घेतली, तर शंभरच्या शंभर टाके सुईने सांभाळायचे. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो आणि आकड्यावर उरतो तो एकच फास. (ट्युनिशियन क्रोशात ओळभर फास आकड्यावर राहतात, पण तो वेगळाच प्रकार.) पुढे जे जे फरक येतात, म्हणजे वेग, ताण, चुकीची दुरुस्ती, कापडाचा पोत, ते बहुतेक सगळे या एका गोष्टीतून निघतात.

याचे सगळ्यात सुंदर उदाहरण गणितातले आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवणाऱ्या लॅटव्हियन गणितज्ञ दाइना ताइमिना यांना १९९७ साली विद्यार्थ्यांच्या हातात देता येईल असे अतिपरवलयी पृष्ठभागाचे मॉडेल हवे होते. या पृष्ठभागावर कडेकडे जाताना जागा इतकी झपाट्याने वाढते, की त्याला झालरीसारख्या चुण्या पडत जातात. कागदाची मॉडेले होती, पण ती हाताळताना फाटत. ताइमिनांनी आधी सुयांवर विणून पाहिले. दर ओळीला टाके वाढत गेले आणि सुयांवर मावेनात. मग त्यांनी क्रोशाचा आकडा घेतला. ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा, एवढाच नियम, आणि कितीही वाढवले तरी आकड्यावर फास एकच. तेच तंत्र घेऊन मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थहाइम या बहिणींनी २००५ पासून क्रोशाची प्रवाळबेटे करण्याचा प्रकल्प उभारला. आजीच्या रुमालाच्या कडेला पडणारी झालर आणि समुद्रतळाच्या प्रवाळाची झालर यांचे गणित एकच आहे, ही गोष्ट मला दर वेळी नव्याने थक्क करते.

"क्रोशा सोपा, सुया अवघड"

सुयांवरच्या विणकामात मुळात टाके दोनच, सुलट आणि उलट. तेही एकाच टाक्याच्या दोन बाजू. समोरून जो सुलट, तो मागून उलट दिसतो. एक सुई सुलट, एक सुई उलट जमले, की साधा मफलर आणि टोपीच काय, स्वेटरही हाताच्या टप्प्यात येतो. अवघड असतो तो पहिला आठवडा. दोन्ही हातांना एकदम काम, धाग्याचा ताण सांभाळायचा आणि टाके सुईवरून घसरू द्यायचे नाहीत.

क्रोशात पहिल्याच बैठकीत साखळी येते. दुसऱ्या बैठकीत मुका खांब आणि खांब येतात, हुरूप वाढतो. त्रास नंतर सुरू होतो. आकडा नेमका कुठे घालायचा हे डोळ्यांना ओळखू येईपर्यंत कडेचा टाका गळत राहतो आणि चौकोन विणायला घेतलेला तुकडा वर जाता जाता त्रिकोण होतो. यावर उपाय एकच, दर ओळीअखेर टाके मोजणे. म्हणजे एकाची चढण सुरुवातीला, दुसऱ्याची थोडी पुढे. सोपे-अवघड म्हणतात ते इतकेच.

"सुयांवर चुकले तर सगळे उसवावे लागते"

टाका निसटला की खालच्या ओळी एकाखाली एक सुटत जातात, शिडी पडते. हे पाहून नवखी माणसे हादरतात आणि सगळेच उसवून टाकतात. पण सुटलेला टाका क्रोशाच्या आकड्याने एकेका पायरीवरून वर उचलत आणता येतो, आजूबाजूचे टाके जागच्या जागी राहतात. म्हणून मुरलेल्या विणकरणीच्या पिशवीत सुयांबरोबर एक आकडा हमखास असतो. दहा ओळी खाली उलटच्या जागी सुलट पडला असेल, तर तेवढाच एक टाका मुद्दाम खालपर्यंत सोडून दुरुस्त करता येतो. क्रोशात हे जमत नाही. तिथे उसवणे अगदी सोपे, धागा ओढला की झाले, पण दहा ओळी मागची चूक गाठायला त्या दहाही ओळी उसवाव्या लागतात. लोक समजतात त्याच्या हे बरोबर उलट आहे.

"क्रोशा भराभर होतो, पण लोकर फार खातो"

अर्धे खरे. क्रोशाचा खांब उंच असतो, त्यामुळे एका ओळीत बरेच कापड वाढते. शाल, पांघरूण लवकर आकाराला येते. पण सरावलेल्या हातांचा सुयांवरचा वेगही थक्क करणारा असतो. शेटलंड बेटांवरच्या हेझल टिंडल यांनी २००८ मध्ये तीन मिनिटांत २६२ टाके विणले होते. लोकरीचे म्हणाल, तर दाट मुक्या खांबांना ती जास्त लागते, जाळीदार नक्षीला कमी; आणि सुयांवरही सगळ्या ओळी सुलट घातल्या तर कापड जाड होऊन लोकर जास्त लागतेच. खात्री करायची असेल, तर एकाच गुंड्यातून दोन्ही पद्धतींचे सारख्या मापाचे चौकोन करून काट्यावर ठेवावेत.

पोताचा फरक मात्र मोठा आहे. सुयांवरचे कापड ताणले जाते आणि परत येते, म्हणून मोजे, स्वेटर, टोपडी अंगाला बसतात. क्रोशाचे कापड आकार धरून राहते, म्हणून पिशवी, बटवा, आसन, तोरण आणि जपानी पद्धतीची अमिगुरुमी खेळणी क्रोशातच शोभतात.

"हे थंडीच्या मुलखातले काम"

विणकाम म्हणजे लोकर, ही सांगड आपणच घातली आहे. आपण रोज घालतो तो बनियन आणि टी-शर्ट विणलेलाच असतो. भिंगातून पाहिला तर त्यात सुलट टाक्यांचे बारीक बारीक 'व्ही' दिसतात. मोजे विणणारे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ साली केले, आणि आजचा सगळा होजिअरी उद्योग त्याच वाटेने आला. घरीही सुती धागा घेऊन मुंबईच्या दमट हवेत काम छान होते. घामेजल्या बोटांना तो लोकरीपेक्षा बरा.

क्रोशाच्या बाबतीत यंत्र कुठे आहे? बाजारात 'क्रोशा मशीन' नावाची यंत्रे आहेत, पण ती विणकामाच्याच एका जातीची, क्रोशासारखी दिसणारी कापडे काढतात. खऱ्या क्रोशाचे कापड घाऊक काढणारे यंत्र अजून बाजारात आलेले नाही. म्हणून दुकानात खऱ्या क्रोशाचा टॉप अगदी स्वस्तात दिसला, तर तो कोणाच्या तरी हातांनी केलेला आहे आणि त्या हातांना फार थोडे मिळाले आहे, हे लक्षात घ्यायला हवे.

"बायकांचा वेळ घालवायचा उद्योग"

या समजाने सगळ्यात जास्त नुकसान केले आहे. क्रोशा प्राचीन असेल असे वाटते, पण त्याचे छापील नमुने 'पेनेलोपे' या डच मासिकात १८२३ च्या सुमारास पहिल्यांदा दिसतात. त्या मानाने सुयांवरचे विणकाम कितीतरी जुने, मध्ययुगीन इजिप्तमधले त्याचे सुती मोजे आजही संग्रहालयांत आहेत. १८४५ नंतर आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांतून क्रोशाची लेस शिकवली गेली. त्या लेसच्या विक्रीवर अनेक कुटुंबे तगली. त्यांच्यासाठी तो विरंगुळा नव्हता, ती भाकरी होती.

आपल्या देशातले उदाहरण आंध्रातल्या नरसापूरचे. तिथे एकोणिसाव्या शतकात स्कॉटिश मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस नेली आणि गोदावरीच्या काठच्या गावांत ती घरोघर पोचली. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९८२ च्या पुस्तकात दाखवून दिले, की परदेशी बाजारात जाणारी ही लेस दिवसाचे कित्येक तास विणणाऱ्या बायका कामगार म्हणून मोजल्याच जात नव्हत्या. 'गृहिणी आहेत, फावल्या वेळात करतात' असे म्हटले, की मजुरी कमी ठेवायला कारण मिळत होते. नरसापूरच्या लेसला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे चांगलेच झाले. पण आपल्याकडेही ओळखीच्या बाईकडून बाळंतविड्याचा संच करून घेताना फक्त लोकरीचे पैसे पुढे करण्याची पद्धत आहे. तिच्या हातांचा वेळ आपण हिशेबात धरत नाही, आणि ते मला फार खुपते.

आणि फक्त बायकांचे? पेरूमधल्या तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर सुयांवर टोप्या विणतात ते पुरुष. मुलगे लहानपणीच शिकतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्रिटनचा सुवर्णपदक विजेता टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणताना साऱ्या जगाने पाहिला.

"विणायला बसले की ताण आपोआप जातो"

इथे सावकाश बोलायला हवे, कारण बहुतेक जण याच आशेने लोकर आणतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ३१ देशांतल्या ३,५४५ विणणाऱ्यांनी उत्तरे दिली. जे अधिक वेळा विणत होते, त्यांना अधिक शांत आणि आनंदी वाटत होते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठाच्या संशोधकांनी क्रोशा करणाऱ्यांना असेच विचारले. ८,३९१ जणांपैकी जवळजवळ ९० टक्के म्हणाले, की क्रोशाने मन शांत होते. आकडे मोठे आहेत. पण ही आधीपासून आवडीने विणणाऱ्यांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरे आहेत. ज्यांना ते जमले नाही आणि ज्यांनी सोडून दिले, त्यांना कोणी विचारले नाही. म्हणून याला औषध म्हणू नये. निद्रानाश, नैराश्य असेल तर डॉक्टरांकडे जायचेच. लोकर सोबतीला असू द्यावी.

शांत कशाने वाटते, तेही पाहावे. साध्या सुलट ओळी हात बसल्यावर न पाहता चालतात. गप्पा मारता येतात, गाणे ऐकता येते. ज्याचे डोके दिवसभर थकलेले असते त्याला हे मानवते. क्रोशाला नजर लागते, आकडा घालायची जागा बघावी लागते, आणि त्यामुळेच एकच विचार डोक्यात घोळणाऱ्याला क्रोशा जास्त उपयोगी पडू शकतो, कारण त्या विचाराला जागा उरत नाही. दवाखान्याच्या बाकावर किंवा लोकलमध्ये क्रोशा सोयीचा. नाव पुकारले की एक फास लांब ओढून ठेवायचा आणि उठायचे. सुयांवर ओळ अर्धी सोडली तर टाके निसटण्याची धास्ती राहते.

हात दुखण्याबद्दल मात्र दोन्हींत सावध राहावे. क्रोशात एकाच मनगटाला सतत वळण पडते, सुयांवर भार दोन्ही हातांत वाटला जातो. अर्ध्या तासाने थांबून बोटे ताणावीत. बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर काम बाजूला ठेवावे. पांघरुणासारखे जड काम गोल सुईवर घेतले, तर वजन मांडीवर राहते.

खरेदीला निघताना आणखी एक घोळ टाळायचा आहे. 'दहा नंबरची सुई म्हणजे जाड' असे इंटरनेटवरचे अमेरिकन नमुने पाहून वाटते. तिकडची दहा नंबर सहा मिलिमीटरची असते. आपल्या दुकानांत अजून जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. इथली दहा नंबर सव्वातीन मिलिमीटरची, आठ नंबर चार मिलिमीटरची. म्हणून दुकानात मिलिमीटरच विचारावेत. नवशिक्याने सुया घ्या किंवा आकडा, चार मिलिमीटरचा घ्यावा आणि मध्यम जाडीची, फिक्या रंगाची, फार केसाळ नसलेली लोकर घ्यावी. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. पहिला तुकडा वीस टाक्यांचा पुरे.