हलक्या मूलद्रव्यांची पसरट रेषा

कोणत्याही मूलद्रव्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा केला, की त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात आणि त्यांच्या वर्णपटात काही ठळक रेषा उमटतात. हेन्री मोसली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञांनी १९१३ व १९१४ या वर्षांत ॲल्युमिनियमपासून सोन्यापर्यंतच्या अनेक मूलद्रव्यांच्या रेषा मोजल्या आणि रेषेच्या स्थानावरून मूलद्रव्याचा अणुक्रमांक सांगता येतो, हे दाखवून दिले. पुढच्याच वर्षी, वयाच्या २७ व्या वर्षी, गॅलिपोलीच्या रणभूमीवर ते कामी आले. त्यांचा नियम मात्र टिकून राहिला. तांबे तारेत असो वा मोरचुदात असो, त्याची मुख्य रेषा जवळजवळ त्याच जागी उमटते. त्यामुळे क्ष-किरण मूलद्रव्याचे नाव सांगतात, गाव सांगत नाहीत, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. ही समजूत अपुरी आहे, हे हलक्या मूलद्रव्यांनी स्पष्टपणे दाखवले.

याचे कारण अणूच्या रचनेत आहे. अणूतील इलेक्ट्रॉन एकाबाहेर एक अशा कवचांत राहतात. मारा होऊन सर्वांत आतल्या कवचात पोकळी झाली, की बाहेरचा एखादा इलेक्ट्रॉन तेथे उतरतो आणि उरलेली ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपाने बाहेर पडते. तांब्यात मुख्य रेषेसाठी उतरणारा इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचातील, म्हणजे घराच्या माजघरातला असतो. ओसरीवर शेजाऱ्यांशी काय व्यवहार चालला आहे, याची त्याला फारशी दखल नसते. कार्बन, बोरॉन, बेरिलियम यांना मात्र दोनच कवचे. तेथे माजघरच नाही! शेजारच्या अणूंशी बंध जोडणारे ओसरीवरचे इलेक्ट्रॉनच आत उतरतात. घन पदार्थात या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जा एकसारख्या नसून एका पट्ट्यात पसरलेल्या असतात. म्हणून त्यांची रेषाही बारीक न राहता पसरट होते आणि तिच्या चढउतारांत बंधाचे स्वरूप उमटते. याच चढउतारांना सूक्ष्म रचना म्हणतात.

ही रचना पाहणे मात्र सोपे नव्हते. कार्बनच्या क्ष-किरणांची तरंगलांबी सुमारे ४५ अँगस्ट्रॉम. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. मिठाच्या स्फटिकाने ५.६ अँगस्ट्रॉमहून लांब लहरींचे पृथक्करण होऊ शकत नाही. शिवाय हे मृदु किरण हवेत थोड्याच अंतरात शोषले जातात. पहिली अडचण १९२५ मध्ये सुटू लागली. कॉम्प्टन व डोन यांनी बारीक समांतर रेघा कोरलेल्या जाळीवर किरण अगदी तिरपे, पृष्ठभागाला घासून जातील असे सोडले आणि त्यांची तरंगलांबी मोजली. दुसरीसाठी सारे उपकरण निर्वात ठेवावे लागते. तेथेही पंपातील तेलाची वाफ नमुन्यावर बसून नको असलेली कार्बनची रेषा उमटवते. त्यातच, कार्बनमध्ये अशा हजार पोकळ्या भरल्या, तर सुमारे तीनच वेळा क्ष-किरण बाहेर पडतो. एरवी ती ऊर्जा दुसऱ्या इलेक्ट्रॉनाला बाहेर ढकलण्यात खर्च होते. या घटनेला ओझे परिणाम म्हणतात.

इतक्या अडचणींतून काय हाती लागले? ओब्रायन व स्किनर यांनी १९३४ मध्ये हलक्या धातूंचे असे पट्टे प्रसिद्ध केले आणि त्याच वर्षी जोन्स, मॉट व स्किनर यांनी त्यांच्या आकाराची उपपत्ती मांडली. सोडियम व ॲल्युमिनियम यांना तीन कवचे असतात. तेथे बाह्य इलेक्ट्रॉन दुसऱ्या कवचात उतरतो, तेव्हाही असाच पट्टा मिळतो. सोडियमचा पट्टा सुमारे ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट रुंद, तर ॲल्युमिनियमचा सुमारे १२. उच्च ऊर्जेच्या टोकाला तो कड्यासारखा एकदम तुटतो. धातूतील मोकळे इलेक्ट्रॉन तळापासून एका ठरावीक पातळीपर्यंत भरलेले असतात, हा तोवर गणितात मांडलेला सिद्धान्त येथे छायाचित्राच्या काचेवर उमटला.

कार्बनचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. हिरा आणि शिसपेन्सिलीतील ग्रॅफाइट ही दोन्ही निव्वळ कार्बनची रूपे. दोघांचे पट्टे वर्णपटाच्या एकाच भागात येतात, पण आकाराने वेगळे दिसतात. ग्रॅफाइटच्या पट्ट्याला उच्च ऊर्जेच्या बाजूस खांद्यासारखा उंचवटा असतो. थरांतून वीज वाहून नेणाऱ्या सैल इलेक्ट्रॉनांची ती खूण होय. हिऱ्यात असे इलेक्ट्रॉन नाहीत, म्हणून तो खांदाही नाही.

तथापि प्रत्येक बारकावा शेजाऱ्यांमुळेच येतो असे नाही. मुख्य रेषेच्या उच्च ऊर्जेच्या बाजूस काही क्षीण उपरेषा आढळतात. एका अणूतून एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन निघून गेल्यास त्या उमटतात, असे स्पष्टीकरण वेंट्झेल यांनी १९२१ मध्ये दिले. बंधाची खूण कोणती आणि दुहेरी पोकळीची कोणती, हा विवेक अभ्यासकाला करावाच लागतो.

या विद्येचे दुसरे अंग म्हणजे शोषणाचा वर्णपट. उत्सर्जनातून भरलेल्या पातळ्या कळतात, तर शोषणातून रिकाम्या. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या यंत्रावर मृदु क्ष-किरणांच्या शोषणाचा अभ्यास होतो. दोन्ही अंगे जुळवली म्हणजे पदार्थाची कुंडली पुरी होते.

मोसलींचा नियम यामुळे खोटा ठरत नाही. रेषेचे स्थान आजही नाव सांगतेच. ती पसरट का झाली, असे विचारले तर मात्र ती गावही सांगू लागते.