ठाण्याहून गेलेले पत्र

ठाणे आणि कल्याण ही गावे तुम्हांआम्हांला रोजची. गाडीत चढायचे, उतरायचे, कामाला जायचे. पण आगगाडी आली ती १८५३ साली. त्याआधी शेकडो वर्षे ही गावे नांदती होती. रूळ नव्हते, पण खाडी होती. खाडीतून जहाजे येत. जहाजांतून माल येई, आणि नाना देशांची, नाना धर्मांची माणसेही येत.

त्यांत ख्रिस्ती माणसे होती. कॉस्मस नावाचा मिसर देशाचा एक व्यापारी होता. मागाहून तो साधू झाला, असे सांगतात. त्याने इसवी सन ५५० च्या सुमारास एक पुस्तक लिहिले. त्यात 'कल्लियाना' या बंदराचे नाव आहे. तिथल्या ख्रिस्ती लोकांचा धर्मगुरू इराणातून नेमून येतो, असे तो लिहितो. हे कल्लियाना म्हणजे आपले कल्याण, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

आता पुढची गोष्ट ऐका. साल १३२१. इराणच्या बाजूने एक जहाज ठाण्याला लागले. त्यातून पाच ख्रिस्ती साधू उतरले. थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्री हे चौघे एका पंथाचे. पाचवा जोर्दानुस दुसऱ्या पंथाचा. तो फ्रान्स देशाचा होता. त्यांना जायचे होते दूर दक्षिणेला, केरळातल्या कोल्लमला. पण जहाज आले ठाण्याला. त्या वेळी ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधराएक घरे होती. त्यांतल्याच एका घरी साधू उतरले.

जोर्दानुस पुढे गुजरातकडे निघाला. इकडे घरात भांडण झाले. नवऱ्याने बायकोला मारले. ती बाई गप्प बसली नाही. थेट काझीकडे गेली आणि तक्रार केली. साक्षीदार कोण? तर घरी उतरलेले साधू! काझीने त्यांना बोलावले. पीटर सामान राखायला घरीच राहिला. बाकीचे तिघे गेले.

तिथे गोष्ट भांडणावरून धर्मावर गेली. वाद वाढला. थॉमसच्या उत्तराने लोक खवळले. एप्रिल महिन्यात तिघांना ठार मारण्यात आले. दोन दिवसांनी पीटरलाही.

यात एकाच धर्माला बोल लावू नये. तीनच वर्षांपूर्वी, १३१८ साली, फ्रान्समधल्या मार्सेय शहरात चार साधूंना जाळले होते. जाळणारेही ख्रिस्ती, जळणारेही ख्रिस्ती. मतभेदापायी जीव घेणे तेव्हा जगभर चाले. आणि ठाण्याच्या या कृत्याबद्दल दिल्लीच्या सुलतानाने इथल्या अधिकाऱ्याला शिक्षा केली, असेही लिहिलेले आहे.

बातमी कळली तसा जोर्दानुस माघारी आला. एका तरुणाच्या मदतीने त्याने प्रेते सोपाऱ्याला नेली. तिथे त्यांना मूठमाती दिली. आता तो एकटा उरला. ना भाषेचा, ना गावचा. चाच्यांनी त्याला पकडले. तुरुंगही घडला. अंगावर साधूची वस्त्रे राहिली नाहीत, नुसत्या सदऱ्यावर दिवस काढावे लागले. भूक आणि आजारपण तर पाचवीलाच पुजलेले.

मग त्याने काय केले? पत्र लिहिले! पहिले १३२१ च्या ऑक्टोबरात, इराणातल्या आपल्या साधुबंधूंना. दुसरे दोन-तीन वर्षांनी, ठाण्याहून. आपले दुःख त्याने त्यांत मोकळे केले.

पुढे त्याने हिंदुस्थानावर एक पुस्तकही लिहिले. फणस पाहून तो थक्क झाला. हे फळ बारीक फांद्यांना नाही, जाड फांद्यांना आणि थेट खोडाला लागते. आणि एक फळ पाच जणांना पुरते, असे त्याने लिहिले. आंबा आणि नारळही त्याने वर्णिले. ज्या देशात जिवलग गमावले, त्या देशाचे लोक खाण्यापिण्यात स्वच्छ, बोलण्यात खरे आणि न्यायी आहेत, असेही त्याने लिहिले. मन किती मोठे, बघा! १३२९ साली पोपने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. जिथे जायला निघाला, त्याच गावचे नाव शेवटी त्याला मिळाले.

घरातल्या भांडणाची हकीकत ओदोरिक नावाच्या साधूने लिहून ठेवली. तो थोड्याच वर्षांनी ठाण्याला आला. त्या चौघांच्या अस्थी त्याने जहाजातून चीनपर्यंत नेल्या. त्यांतल्या थॉमसला १८९४ साली रोमच्या धर्मपीठाने 'धन्य' म्हणून मान दिला.

सातशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट आपल्याला कशी कळली? कोणी तरी लिहिली म्हणून. पण एक उणीव राहिलीच. मार खाऊन काझीच्या दारी गेलेल्या त्या बाईचे म्हणणे काय होते? ते आपल्यापर्यंत पोचले नाही. लिहिणाऱ्यांनी साधूंचे लिहिले. तिचे तिनेच लिहायला हवे होते. पण तिच्या हाती लेखणी कुठली?

तुमच्या हाती आता ती आली आहे. आज पाटीवर आपले नाव काढा. उद्या दोन ओळींचे पत्र लिहा. आपली तक्रार, आपला आनंद आपणच लिहावा. दुसरा लिहील, तो त्याला दिसेल तेवढेच लिहील.