खुर्ची, कंबर आणि वजनाचा काटा



अमेरिकेतल्या आपल्या मराठी घरांपैकी कितीतरी घरांत निदान एक माणूस तरी दिवसभर संगणकासमोर बसून पोट भरतो. आम्हीही त्यातलेच. सकाळची स्टँड-अप मीटिंग (जी बहुतेक वेळा बसूनच होते!), मग कोड, मग ईमेल, डेस्कवरच जेवण, गाडीत बसून घरी आणि रात्री भारतातल्या टीमबरोबर कॉल. दिवसातले दहा-अकरा तास खुर्चीत कसे जातात ते कळतही नाही. आणि मंडळाच्या कार्यक्रमात कोणी तब्येतीचा विषय काढला की हमखास ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "आमचे वजन अगदी नॉर्मल आहे हो, डॉक्टरांच्या तक्त्यात बघा!"

आम्ही डॉक्टर नाही, इंजिनियर आहोत. पण मॉनिटरवर हिरवा दिवा दिसतोय म्हणून सर्व्हर ठीक आहे असे समजू नये, एवढे नोकरीने शिकवले आहे. दिवा कुठला आकडा मोजतो हे आधी बघावे लागते. आपल्या तब्येतीच्या बाबतीत नेमका हाच घोटाळा आहे. वजनाचा तक्ता ज्या लोकांवरून बनला, त्यांची शरीरे आपल्यासारखी नव्हती. आज त्याबद्दलच थोडे सविस्तर.

बसमधला ड्रायव्हर आणि कंडक्टर

बैठ्या कामाचा हृदयावर परिणाम होतो हे पहिल्यांदा ठळकपणे दिसले ते लंडनच्या डबलडेकर बसमध्ये. जेरी मॉरिस या डॉक्टरांनी १९५३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बसवर काम करणारे दोघेजण. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाला पाचशेच्या वर पायऱ्या चढणारा. ड्रायव्हर मंडळींना हृदयविकार कंडक्टरांपेक्षा स्पष्टपणे जास्त होता. आपण सगळे आता ड्रायव्हरच्या जागेवर आहोत, फक्त आपली बस पार्किंग लॉटमधून हलत नाही!

यामागचे कारण समजायला सोपे आहे. जेवणातून रक्तात आलेली साखर उचलून वापरणारे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू, विशेषतः मांड्या आणि पोटऱ्या. हे स्नायू हलले की ते इन्शुलिनची फारशी वाट न बघता साखर ओढून घेतात. आपण बसलो की हे गिऱ्हाईक दुकान बंद करून झोपते. साखर रक्तात रेंगाळते, स्वादुपिंडाला जास्त इन्शुलिन तयार करावे लागते आणि उरलेल्या उष्मांकांची चरबी होते. वर्षानुवर्षे हे चालले की मधुमेहाचा रस्ता तयार होतो आणि त्याच रस्त्यावर पुढे हृदयविकार उभा असतो.

पुण्याहून आलेले उत्तर

हा नियम तर सगळ्यांनाच लागू आहे. मग आपल्याला वेगळी चिंता कशाला? याचे उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबाने वजन, अगदी सारखा होता : २२.३. तक्त्याप्रमाणे दोघेही फिट! पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन तेच, पण एकाच्या अंगात स्नायू जास्त आणि दुसऱ्याच्या अंगात चरबी जास्त.

हे जन्मापासूनच सुरू होते. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली गेली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, त्यांची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बरेच कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. वरून बारीक आणि आतून चरबीदार अशी ही ठेवण घेऊन आपण मोठे होतो, इंजिनियर होतो, इकडे येतो आणि खुर्चीत बसतो!

अमेरिकेतला 'मसाला'

आता इथली गोष्ट. सॅन फ्रान्सिस्को बे एरिया आणि शिकागो या दोन भागांत २०१० पासून दक्षिण आशियाई लोकांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'मसाला' म्हणतात. सुरुवातीला त्यात ४० ते ८४ वर्षे वयाचे, हृदयविकार नसलेले ९०६ जण होते. वयाचा फरक बाजूला काढून तुलना केली तेव्हा मधुमेहाचे प्रमाण आपल्या लोकांत २३ टक्के निघाले. गोऱ्या अमेरिकनांत ते ६ टक्के होते आणि चिनी वंशाच्या अमेरिकनांत १३ टक्के. तेवढ्याच बीएमआयला आपल्या पोटात आणि यकृतात चरबी जास्त आणि अंगात स्नायू कमी, हेही याच अभ्यासात दिसले.

वयाचा मुद्दा तर जास्तच महत्त्वाचा. बावन्न देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' या अभ्यासातून २००७ साली असे पुढे आले की भारत आणि शेजारच्या देशांत पहिला हार्ट अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येतो, तर इतर देशांत जवळपास ५९ व्या वर्षी. सहा वर्षे आधी! सरासरी ५३ याचा अर्थ कित्येकांना त्याच्याही बराच आधी येतो. घराचे कर्ज फिटलेले नसते, मुले कॉलेजला गेलेली नसतात, आणि व्हिसा व इन्शुरन्स दोन्ही नोकरीला बांधलेले असतात, अशा वयात.

मग कोणते आकडे बघायचे?

इथल्या डॉक्टर मंडळींनी याची दखल घेतली आहे. मधुमेहाच्या तपासणीसाठी अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ पासून आशियाई लोकांकरिता बीएमआयची मर्यादा २५ वरून २३ वर आणली. म्हणजे ५ फूट ७ इंच उंचीच्या माणसाला नेहमीच्या तक्त्यात साधारण १६० पौंडांपर्यंत सूट आहे, पण आपल्यासाठी सावध होण्याची रेषा १४७ पौंडांच्या आसपास येते. २०१८ च्या कोलेस्टेरॉलच्या मार्गदर्शक सूचनांतही दक्षिण आशियाई वंश हा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदला गेला. पण आपल्या फॅमिली डॉक्टरांना प्रत्येक वेळी हे आठवेलच असे नाही. म्हणून ॲन्युअल फिजिकलला जाताना हा कागद सोबत न्या :

१. कंबर : पुरुषांची ९० सेंटीमीटरच्या (साधारण साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांची ८० सेंटीमीटरच्या (साडेएकतीस इंच) आत हवी. पँटच्या साईजवर जाऊ नका, पँट पोटाच्या खालून नेसलेली असते! टेप बेंबीच्या पातळीवर धरा, श्वास सोडा, पोट आत ओढू नका.

२. ए-वन-सी : गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी. ५.७ च्या खाली ठीक, ५.७ ते ६.४ धोक्याची सूचना, ६.५ पासून मधुमेह. सूचनेच्या टप्प्यावर असलेल्यांनी आनंद माना, कारण इथून मागे फिरता येते.

३. रक्तदाब : अमेरिकेत २०१७ पासून १३०/८० च्या पुढे तो जास्त धरतात.

४. कोलेस्टेरॉल : एकूण आकड्यापेक्षा एलडीएल, एचडीएल आणि ट्रायग्लिसराईड वेगवेगळे बघा. आपल्याकडे एचडीएल कमी आणि ट्रायग्लिसराईड जास्त ही जोडी फार दिसते. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर लायपोप्रोटीन-ए ही तपासणी एकदा करावी का, हे विचारा. ती बरीचशी आनुवंशिक असते.

ज्या मैत्रिणींना गरोदरपणात मधुमेह झाला होता त्यांनी बाळंतपणानंतर साखर नॉर्मल आली म्हणून फाईल बंद करू नये. दर एक ते तीन वर्षांनी तपासणी, तीही कायमची.

इन्शुरन्सबद्दल एक गोष्ट. २०१० च्या आरोग्य कायद्यामुळे बहुतेक प्लॅनमध्ये वार्षिक प्रतिबंधक तपासणी कोपेशिवाय होते. मात्र प्रत्येक चाचणी त्यात बसेलच असे नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. वर्षाला एक भेट पैसे न देता मिळते आणि ती आपण वापरत नाही, हे आपल्या काटकसरी मराठी स्वभावाला शोभत नाही!

खुर्ची सोडणे

२०१६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांची माहिती एकत्र करून केलेला अभ्यास आला. रोज आठ तासांपेक्षा जास्त बसणाऱ्यांचा वाढीव धोका घालवायला दिवसाला ६० ते ७५ मिनिटे भरभर चालण्याइतका व्यायाम लागतो, असे त्यात दिसले. आकडा ऐकून घाबरू नका, तो एका दमात करावा लागत नाही. सरकारी शिफारस आठवड्याला १५० मिनिटांची आहे, आणि २०१८ पासून त्यातली "एका वेळी निदान दहा मिनिटे" ही अटही काढून टाकली आहे. म्हणजे चार मिनिटांचा जिनासुद्धा हिशेबात धरला जातो.

• प्रत्येक अर्ध्या-पाऊण तासाने उठा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात २०२३ साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात (फक्त ११ माणसांवर) दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे चालल्याने जेवणानंतरची साखर बरीच कमी चढली. पाच जमत नसतील तर दोन मिनिटे, पण उठा.

• ज्या कॉलवर फक्त ऐकायचे असते तो चालता चालता घ्या. असे कॉल किती असतात हे आपल्याला माहीत आहेच!

• जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे चाला. शतपावली आपल्या आजी-आजोबांना कुठल्याही जर्नलशिवाय ठाऊक होती. शिकागो-मिनेसोटाच्या थंडीत मॉल किंवा घरातले बेसमेंट आहेच.

• उभे राहायचे डेस्क घ्यायला हरकत नाही, पण नुसते उभे राहणे म्हणजे चालणे नव्हे.

आणि चालण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे स्नायू वाढवणे. आपल्याकडे मुळात कमी आहेत ते तेच! आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका काढा, डंबेल उचला किंवा सूर्यनमस्कार घाला. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे त्यावरचे इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनमध्ये निघाले होते. महागडी जिम मेंबरशिप नसली तरी सहा फूट बाय तीन फूट जागा प्रत्येक अपार्टमेंटमध्ये असते.

ताट

पोहे, पोळी, भात, बटाट्याची भाजी आणि उपवासाला साबुदाणा खिचडी : आपल्या ताटात पिष्टमय पदार्थ भरपूर आणि प्रथिने चमचाभर. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ स्टार्चच. हे जेवण शेतात राबणाऱ्याला चालत होते, क्युबिकलमध्ये बसणाऱ्याला ते जड जाते. सगळे सोडायची गरज नाही, फक्त जागा बदला. वाटीतली उसळ ताटाच्या मध्यभागी आणा आणि भात वाटीत घाला. मटकी, मूग, घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर अंडी आणि मासे. कोशिंबीर आधी संपवा. ऑफिसमधला फुकटचा बेगल आणि सोडा हा पगाराचा भाग नाही, तो नाकारता येतो. गणपतीतला मोदक मात्र जरूर खा, वर्षभर रोज खात नाही ना, तेवढे पुरे.

रात्रीचा कॉल

आपल्या कामातला खास ताण हा दोन घड्याळांचा. भारत ईस्ट कोस्टपेक्षा साडेनऊ किंवा साडेदहा तास पुढे आणि वेस्ट कोस्टपेक्षा साडेबारा किंवा साडेतेरा तास. भारतात सकाळी दहाला ठेवलेली मीटिंग कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात रात्री साडेनऊला येते आणि नोव्हेंबरात घड्याळ मागे गेले की साडेआठला, म्हणजे बरोबर जेवणाच्या वेळी. मग जेवण दहाला, झोप एकला आणि मुलांच्या शाळेसाठी सहाला जाग. झोप सात तासांच्या खाली राहू लागली की भूक वाढते, इन्शुलिनचा परिणाम कमी होतो आणि रक्तदाब चढतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली हृदयाच्या आरोग्याच्या आपल्या यादीत झोपेची भर घातली ती यासाठीच.

लेऑफच्या भीतीने रात्रीचा कॉल नाकारायला जीभ रेटत नाही, हे आम्हालाही कळते. पण "आठवड्यातले दोनच दिवस ठेवू या", "एक आठवडा आमच्या वेळेने, एक तुमच्या वेळेने" असे मॅनेजरला विचारता येते. बऱ्याचदा कोणी विचारलेलेच नसते! निदान कॉलच्या आधी जेवून घ्या आणि कॉल संपल्यावर लॅपटॉप खोलीबाहेर ठेवा.

एक शेवटची, पण तातडीची गोष्ट

छातीत दाब, हात-जबडा-पाठीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे असे अचानक झाले तर "ॲसिडिटी असेल" म्हणून सोडा पिऊन झोपू नका आणि स्वतः गाडी चालवत तर अजिबात जाऊ नका. ९११ लावा. स्त्रियांमध्ये नुसती मळमळ, थकवा किंवा धाप एवढेच लक्षण असू शकते. बिलाचा विचार नंतर करता येतो. घरातल्या मुलांना आणि भारतातून आलेल्या आई-वडिलांनाही ९११ कसा लावायचा आणि घराचा पत्ता कसा सांगायचा ते शिकवून ठेवा.

मंडळी, हा लेख डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय नाही. औषधे चालू असतील, गुडघे-पाठ दुखत असेल तर व्यायाम विचारूनच सुरू करा. पण या रविवारी शिवणाच्या डब्यातला टेप बाहेर काढा, घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची कंबर मोजा आणि सोमवारी फिजिकलची अपॉइंटमेंट घ्या. पुढच्या पॉटलकला भेटू तेव्हा जेवणानंतर पार्किंग लॉटला एक फेरी सगळ्यांनी मिळून मारू या. गप्पा काय, चालतानाही होतात!

आपणां सर्वांना उत्तम आरोग्याच्या शुभेच्छा!