हृदय थांबवतात, ते वाचवण्यासाठीच

“बाई, हार्ट बंद केलं म्हणजे माणूस संपलाच की! आणि परत चालू झालंच नाही तर?”

रविवारच्या वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर एका आजींनी आम्हाला हा प्रश्न विचारला. त्यांच्या २९ वर्षांच्या सुनेच्या हृदयाची झडप, म्हणजे वॉल्व्ह, बदलायची आहे. पदरात दोन लेकरं. डॉक्टरांनी तारीख दिली होती. पण ऑपरेशनमध्ये हृदय बंद करतात असे कुणीतरी सांगितले आणि घरच्यांनी तारीख सोडली. याला चार महिने झाले. आता ती एक जिना चढली तरी धाप लागते, रात्री तीन उशा घेऊन बसल्या बसल्या झोपावे लागते.

आजींच्या भीतीला आम्ही हसलो नाही. तपासून पाहा, मगच माना, हीच तर तथागतांची शिकवण. म्हणून त्यांना जे सांगितले तेच इथे लिहीत आहोत.

होय, अशा ऑपरेशनमध्ये बहुतेक वेळा हृदय थांबवतात. चालू शिलाई मशीनच्या सुईत दोरा ओवता येत नाही, तसेच हे. धडधडत्या, रक्ताने भरलेल्या हृदयात झडप शिवणे फार अवघड. म्हणून शरीरातले रक्त नळ्यांवाटे हार्ट-लंग मशीनकडे वळवतात. रक्तात प्राणवायू मिसळून ते शरीरभर फिरवण्याचे काम ही मशीन करते. मेंदू, मूत्रपिंड यांना रक्त मिळत राहते. म्हणजे हृदय थांबले तरी माणूस जिवंत असतो.

खरी कसोटी हृदयाच्या स्वतःच्या स्नायूची. त्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या महाधमनीच्या अगदी मुळाशी फुटतात. डॉक्टर महाधमनीला चिमटा लावतात तेव्हा हा पुरवठाही तुटतो. तसेच धडधडत ठेवले तर स्नायू उपाशीपोटी राबणाऱ्या मजुरासारखा कोसळेल. म्हणून त्याला आधी विश्रांती देतात. आपल्या रक्तात असणारा पोटॅशियम हा क्षार जास्त प्रमाणात असलेले थंड द्रावण, बहुधा रक्तात मिसळून, याच धमन्यांत सोडतात. याला कार्डिओप्लेजिया म्हणतात. हृदय सैल पडून शांत होते. थांबलेल्या हृदयाची प्राणवायूची गरज धडधडणाऱ्या हृदयाच्या जेमतेम दहाव्या भागावर येते, थंडाव्याने आणखी घटते. द्रावण साधारण ४ अंश सेल्सिअसला थंड केलेले असते. बऱ्याच पद्धतींत दर १५ ते २० मिनिटांनी ते पुन्हा देतात. काही द्रावणे एकदाच देऊन जास्त वेळ पुरतात.

काम झाले की चिमटा काढतात. कोमट रक्त आत शिरते, पोटॅशियम धुऊन जाते आणि हृदय पुन्हा ठोके देऊ लागते. कधी आपणहून, कधी विजेचा हलका झटका देऊन.

हे ज्ञान चुकत-शिकत मिळाले आहे. १९५५ साली इंग्लंडमध्ये डेनिस मेलरोज यांनी पोटॅशियम सायट्रेटने हृदय थांबवण्याची पद्धत मांडली. पण मात्रा जास्त होती, स्नायूला इजा होऊ लागली आणि पद्धत मागे पडली. १९७०च्या दशकात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या संशोधकांनी कमी मात्रेचे, मोजून-मापून केलेले द्रावण आणले. त्याच हॉस्पिटलात १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची परिचारिका शाळा सुरू झाली होती, हे आम्हा नर्सेसना विशेष वाटते.

धोका शून्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. चिमटा जितका जास्त वेळ, स्नायू आधीच जितका थकलेला, तितका धोका वाढतो. काहींना नंतर हृदयाला आधार देणारी औषधे, क्वचित यंत्रही लागते. म्हणूनच आजींना आम्ही म्हणालो, “आजी, भीती ऑपरेशनची नको, उशिराची धरा.” बिघडलेल्या झडपेशी झुंजत स्नायू रोज थोडा थोडा थकतो. सोडलेल्या तारखेची किंमत तो मोजतो.

स्नायू वाचवण्याची सुरुवात घरातूनच होते. ऑपरेशन ठरले असेल तर तंबाखू, मिश्री, बिडी आजच सोडा. किडलेले दात दाखवा, त्यातले जंतू नव्या झडपेपर्यंत पोचू शकतात. चालू असलेली सगळी औषधे डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करणारी गोळी मनाने घेऊ नका, मनाने बंदही करू नका.

आणि मूळ कारण विसरू नका. आपल्या दाटीवाटीच्या वस्त्यांत लेकरांचा घसा दुखतो, ताप येतो, आपण हळद-दूध देऊन सोडून देतो. त्यातूनच कधी संधिवाताचा ताप येतो आणि झडपा खराब होतात. घसादुखीला ताप असेल तर दवाखाना गाठा. संधिवाताच्या तापाचे निदान झालेल्या मुलाचे दर तीन आठवड्यांचे पेनिसिलीनचे इंजेक्शन डॉक्टर सांगतील तितकी वर्षे चुकवू नका.

पैशासाठी थांबू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाच्या अनेक शस्त्रक्रिया बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटा. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखीव असतात. ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे. मागा.

येत्या सोमवारी आजी सुनेला घेऊन पुन्हा तारीख घ्यायला जाणार आहेत. आम्ही सोबत जाऊ. तुमच्या शेजारी अशी कुणी असेल तर अंगारे-धुपारे नकोत, तिच्यासोबत ओपीडीच्या रांगेत उभे राहा. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हाताने धुऊन काढले होते. आपण रांगेत तरी उभे राहू.

जयभीम!